कितव्या सालचे मॉडेल?

दसऱ्याच्या सकाळी आपल्याकडे वाहनांची पूजा होते. दाराशी असलेली सायकल, तिच्या शेजारची स्कूटर आणि असलीच तर मोटार, या सर्वांना धुऊन-पुसून हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, चाकापुढे नारळ वाढवतात. माळ घालताना घरची गृहिणी वाहनाला त्याचे वय विचारीत नाही. अठरा वर्षे घराची ओझी वाहिलेल्या मोटारीला काल आलेल्या मोटारीइतकेच कुंकू मिळते. किंबहुना अंमळ जास्तच मिळते, कारण आजारी सासूला मध्यरात्री इस्पितळात नेले ते याच मोटारीने, हे तिच्या ध्यानात असते. हा आपला जुना आणि शहाणा रिवाज आहे. परंतु दसरा आटोपतो, तीन आठवड्यांत दिवाळी येते, पाहुण्यांची ये-जा सुरू होते, आणि त्याच घरातले यजमान दाराशी उतरणाऱ्या पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणायच्या आधी त्याच्या मोटारीकडे नजर टाकून विचारतात, “काय हो, कितव्या सालचे मॉडेल?”

हा प्रश्न मोटारीविषयी आहे असे ज्याला वाटत असेल, त्याच्या भोळेपणाचा मला हेवा वाटतो. प्रश्न मोटारीला विचारलेला असतो आणि उत्तर माणसाच्या खात्यावर जमा होते. दोन वर्षांपूर्वीचे साल सांगितले की यजमानांची मान पसंतीने हलते. पंधरा वर्षांपूर्वीचे सांगितले की ती निराळ्या तऱ्हेने हलते, आणि पाठोपाठ वाक्य येते, “अजून चालवता? कमाल आहे हं तुमची!” या ‘कमाल’ शब्दात जेवढी कीव भरलेली असते तेवढी फराळाच्या करंजीत खोबरेसुद्धा नसते. पाहुणा हसतो. त्याची बायको पदर सावरते. आणि मागच्या दाराने उतरलेला त्यांचा बारा वर्षांचा मुलगा तेवढ्यात काहीतरी शिकून जातो. या शिकवणुकीविरुद्ध मला आज बोलायचे आहे.

माणसाची परीक्षा करण्याची साधने प्रत्येक काळाने आपापली निर्माण केली. कोणी अंगरखा पाहिला, कोणी पायांतले जोडे पाहिले, कोणी मुलीच्या अंगावरचे सोने तोळ्यांत मोजले. ही साधने खोटी होती, पण निदान ती उघड होती. मोटारीच्या सालाची परीक्षा ही त्यांहून चोरटी आहे, कारण ती यंत्रज्ञानाच्या गप्पांचा बुरखा घेऊन येते. लग्नाच्या बैठकीत “मुलाकडे गाडी आहे का?” हा प्रश्न आता कोणी विचारत नाही, “कोणती आणि कधीची?” असे विचारतात. मोठ्या हॉटेलच्या दारातला रखवालदार नव्या गाडीला सलाम ठोकतो आणि जुनीला हाताने पुढे जायची खूण करतो. त्या बिचाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याला ती नजर त्याच्या मालकाने दिली, आणि मालकाला आपण गिऱ्हाइकांनी दिली. आपल्या देशातल्या नेहमीच्या नंबराच्या पाटीवर गाडीचे साल छापलेले नसते. तरीसुद्धा एमएच-१२ किंवा एमएच-१४ यांच्या पुढची दोन अक्षरे वाचून ‘ही अमुक सालचे पासिंग’ असे क्षणात सांगणारे ज्योतिषी पुण्यात गल्लोगल्ली भेटतील. आपल्याच शेजाऱ्याच्या मुलाचे नाव त्यांना सांगता येईल की नाही, याची मात्र खात्री नाही.

हे दुखणे आपल्यापुरतेच आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. विलायतेत तर ते सरकारी शिक्क्याने चालते. ब्रिटनमध्ये १९६३ सालापासून नंबराच्या पाटीवर वर्षाचे अक्षर घालण्याची पद्धत सुरू झाली. हेतू कारकुनी होता: अंक संपत आले होते, नोंदी सोप्या व्हाव्यात. पण परिणाम सामाजिक झाला. रस्त्यावरच्या कोणाही पोराला शेजाऱ्याच्या मोटारीचे वय लांबून वाचता येऊ लागले. १९६७पासून हे अक्षर दर ऑगस्टला बदलू लागले, तशी नव्या अक्षराची गाडी मिळवण्यासाठी ऑगस्टमध्ये दुकानांवर अशी झुंबड उडू लागली की अखेर १९९९मध्ये ते वर्षातून दोनदा बदलण्याची पाळी आली. आजच्या पाटीवर अक्षराच्या जागी आकडे आहेत, एवढाच फरक. तिथला एक नियम फार बोलका आहे. तुमच्या जुन्या मोटारीला ती नवी भासेल अशी पाटी लावण्यास कायद्याने मनाई आहे. नवी मोटार जुनी भासवायला मात्र हरकत नाही. म्हणजे माणसे कोणत्या दिशेने खोटे बोलतील, हे कायदा करणाऱ्यांना नेमके ठाऊक होते!

शेजारच्या आयर्लंडने तर १९८७पासून सालाचे दोन आकडेच पाटीच्या आरंभी घातले. पुढे २०१३ साल जवळ आले. १३ हा आकडा तिकडे अशुभ. ‘१३’ असा शिक्का मारलेली गाडी लोक घेतील की नाही, या धास्तीने, आणि वर्षभराची विक्री एकट्या जानेवारीत तुंबू नये म्हणून, ‘१३’ऐवजी पहिल्या सहामाहीला ‘१३१’ व दुसऱ्या सहामाहीला ‘१३२’ असे लिहिण्याची योजना निघाली. विज्ञानाच्या युगातले हे प्रगत राष्ट्र! आपल्याकडे मोटारीला लिंबू-मिरची बांधणाऱ्याला आपण हसतो. पण लिंबू-मिरची बांधणारा निदान शेजाऱ्याला त्याच्या लिंबाचे साल विचारीत नाही.

आता कोणी म्हणेल, नव्याची हौस ही मनुष्याच्या स्वभावातच आहे, तिला काय करणार? या युक्तिवादाने पुष्कळ लबाड्या पचवल्या आहेत, म्हणून त्याचा थोडा इतिहास पाहू. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली आपली ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारात आणली. १९२७पर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षे, तीच एक मोटार, किरकोळ फेरफार सोडले तर त्याच घडणीची, ते बनवीत राहिले. तिच्या दीड कोटींवर प्रती निघाल्या. सुरुवातीला तिची किंमत ८५० डॉलर होती, ती उतरत उतरत ३०० डॉलरच्या खाली आली. शेतकऱ्याने घेतली, शिक्षकाने घेतली, कारखान्यातल्या मजुराने घेतली. ही मोटार दारात असेल तर ती परवाची की दहा वर्षांपूर्वीची, हे शेजाऱ्याला सहजी कळत नसे. आणि कळून त्याचा उपयोगही काही नव्हता.

पण माल विकणाऱ्यांच्या दृष्टीने यात एक मोठीच अडचण होती. ज्याला मोटार हवी होती त्याने ती घेतली आणि ती चालत राहिली. मग कारखान्यातली पुढची मोटार कोणी घ्यायची? ‘जनरल मोटर्स’चे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले. प्रत्येकाच्या खिशाप्रमाणे चढत्या पायऱ्यांच्या मोटारी करायच्या आणि दरवर्षी त्यांचे रूप बदलायचे. उसनवारीची सोय १९१९मध्येच कंपनीने स्वतःची पेढी काढून केली होती. १९२७मध्ये तर मोटारीच्या रंगरूपासाठी एक स्वतंत्र खाते उघडून ते हार्ले अर्ल या कसबी माणसाच्या हाती दिले. यंत्र तेच राहिले तरी चालेल, परंतु मागच्या वर्षीची गाडी मागच्या वर्षीची दिसली पाहिजे! याच कंपनीच्या संशोधनखात्याचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी १९२९ साली एक लेख लिहिला. त्याच्या मथळ्यातच ग्राहकाला असमाधानी ठेवा, असा उपदेश होता. हे केटरिंग काही सामान्य गृहस्थ नव्हते. मोटारीला हातातल्या दांड्याने झटके देऊन सुरू करण्याच्या जाचातून, आणि प्रसंगी हात मोडून घेण्यातून, जगाची सुटका करणारा विजेचा स्टार्टर त्यांनी घडवला. एका हाताने त्यांनी माणसाचे कष्ट वाचवले आणि दुसऱ्या हाताने त्याच्या मनाला चुटपूट लावून दिली. ज्या असमाधानाला आपण मनुष्यस्वभाव म्हणतो, ते असे बैठका भरवून, रंगांच्या ताटल्या मांडून तयार केलेले आहे. स्वभावात ठिणगी असेलही. फुंकणी मात्र दुकानदाराच्या हातात आहे.

आपल्या देशाचा अनुभव तर याचा रोकडा पुरावा आहे. परवान्यांच्या जमान्यात आपल्याकडे मोटार म्हणजे मुख्यतः दोन नावे: उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि कुर्ल्याची फियाट, जिला पुढे ‘पद्मिनी’ असे नाव मिळाले. नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहात. स्कूटरची कथा त्याहून बहारीची. नव्या बजाज स्कूटरसाठी प्रतीक्षायादी एवढी लांब असे, की हाती आलेली स्कूटर वापरून विकली तरी नव्या किमतीपेक्षा अधिक पैसे पदरात पडत. वाहन जुने म्हणून मालकाला हिणवण्याची कल्पना त्या काळी कोणाच्या डोक्यात शिरली असती काय? जुने का होईना, वाहन आहे, हेच मोठे. त्या जमान्याचे मी गोडवे गात नाही. टंचाई हा काही सद्गुण नव्हे. १९८३च्या डिसेंबरात ‘मारुती ८००’ आली आणि हजारो मध्यमवर्गीय घरांना पहिल्यांदा छप्पर असलेले वाहन मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट झाली. १९९३मध्ये मोटारनिर्मितीवरचे परवान्याचे बंधन उठले, देशोदेशींचे कारखाने आले, मालाची प्रत सुधारली. हेही चांगलेच झाले. पण त्याच जहाजातून स्लोनसाहेबांचे दरसालचे नवे रूपही उतरले. पुढचे दिवे थोडे तिरके, मागचे थोडे बारीक, आणि आतल्या पडद्याची रुंदी दोन बोटे जास्त! ज्या माणसांच्या वडिलांना फियाटचे साल पुसण्याची गरज वाटली नव्हती, ती माणसे दिव्यांच्या आकारावरून शेजाऱ्याची पत ठरवू लागली. स्वभाव एका पिढीत बदलत नाही. बाजार बदलतो.

बरे, या परीक्षेतून खरोखर काही कळते म्हणावे, तर तेही नाही. नवी मोटार पाहून आपण समजतो की हा गृहस्थ श्रीमंत आहे. पुष्कळदा त्यावरून कळते एवढेच, की हा गृहस्थ कर्जदार आहे. साधा हिशेब मांडा. दहा लाखांचे कर्ज, दरसाल दर शेकडा नऊ टक्के व्याज, सात वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता पडतो सुमारे १६,१०० रुपये. सात वर्षांनी एकूण भरणा होतो साडेतेरा लाखांचा. म्हणजे साडेतीन लाख रुपये व्याजाचे, आणि एवढे करून हाती उरते ते सात वर्षांचे जुने मॉडेल, ज्याच्याकडे पाहून यजमान म्हणणार, “अजून चालवता?” मोटार हवी म्हणून कर्ज काढले तर त्यात गैर काही नाही; घरेही कर्जाने होतात. पण जी मोटार धडधाकट चालत होती ती केवळ चारचौघांच्या नजरेपायी काढून टाकून हे साडेतेरा लाख जो मोजतो, तो मोटारीची किंमत देत नाही. तो दंड भरतो, आणि दंड करणारे न्यायाधीश आपण असतो. उलट ज्याची मोटार बारा-पंधरा वर्षांची आहे त्याच्याविषयी बहुधा एवढे निश्चित म्हणता येते, की तिचा शेवटचा हप्ता केव्हाच फिटला आहे. जुनी गाडी ही फिटलेल्या कर्जाची निशाणी आहे, आणि फिटलेले कर्ज लाजिरवाणे ठरवणारा समाज शहाणा म्हणवत नाही.

या दंडाचा शेवट कोणाच्या खिशात होतो, हेही पाहा. तालुक्याच्या गावी नव्याने दवाखाना थाटणाऱ्या डॉक्टरला जाणती मंडळी सल्ला देतात, “आधी गाडी बदला, डॉक्टर. त्याशिवाय पेशंटचा विश्वास बसायचा नाही.” वकिलाला हेच सांगतात, ठेकेदाराला सांगतात, विम्याच्या एजंटाला तर बजावून सांगतात. डॉक्टर गाडी बदलतात. हप्ता सुरू होतो. तो कोठून भरायचा? तुमच्या-आमच्या तपासणीच्या फीमधून. मोटारीच्या सालावरून विद्वत्ता ओळखणाऱ्या रोग्याला त्याच्या ओळखण्याचे बिल असे परत येते, आणि ते महाग का, म्हणून तोच तक्रार करतो.

आता या परीक्षेतला सर्वांत मोठा दुटप्पीपणा सांगतो. कोणा बड्या उद्योगपतीने वीस वर्षांची मोटार वापरली तर वर्तमानपत्रे तिचे छायाचित्र छापतात आणि खाली लिहितात, ‘केवढा हा साधेपणा!’ तीच मोटार शाळामास्तरांनी वापरली तर त्यांच्या पाठीमागे म्हणतात, ‘चिकट आहे झाले.’ मोटार तीच, साल तेच. फरक फक्त बँकेच्या पुस्तकाचा. कायद्यातही हे प्रतिबिंब पडले आहे. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी तिला नव्याने पारख करून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून एकदम ५,००० रुपये झाले. परंतु हीच मोटार पन्नाशी ओलांडून मूळ रूपात टिकली, तर २०२१च्या नियमांप्रमाणे ती ‘व्हिंटेज’ होते, तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते, आणि ती मिरवणुकीत निघाली की लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतात. म्हणजे पंधरापर्यंत लाड आणि पन्नाशीनंतर पूजा. मधल्या पस्तीस वर्षांत मात्र तिला कोणी वाली नाही. आणि त्या मधल्या वयाच्या मोटारी कोण चालवतो? जुन्याचा शौक परवडणारा धनिक नव्हे. निवृत्त कारकून, लहान दुकानदार, परगावी नोकरी करणारी शिक्षिका. तेव्हा जुनेपणाचा तिटकारा हे निव्वळ निमित्त आहे. ज्याला नवे परवडत नाही त्याला हिणवण्याची ही सभ्य रीत आहे.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे काय झाले? ती कुरकुरते, तिचे दार आपटावे लागते, तिच्यात पाय अवघडतात, असे म्हणत आपण वर्षानुवर्षे तिला नाके मुरडली. २०२३च्या ऑक्टोबरात शेवटच्या नोंदलेल्या पद्मिनीला २० वर्षे पुरी होऊन ती रस्त्यावरून उठली, तेव्हा सारे शहर गहिवरले! तिच्या फोटोंना हार घातले गेले. चालवणाऱ्याच्या हयातभर ज्या गाडीला आपण डबडे म्हणतो, ती मेल्यावर आपली संस्कृती ठरते. असले प्रेम गाडीवर करा, माणसांवर करू नका.

याच संदर्भात एका फियाटची गोष्ट सर्वांनी मुलांना सांगावी अशी आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या घरची म्हणावी अशी मोटार नव्हती. मुलांच्या आग्रहावरून १९६४मध्ये फियाट घ्यायचे ठरले. किंमत सुमारे १२ हजार, घरात शिल्लक सुमारे ७ हजार. उरलेले ५ हजार त्यांनी पंजाब नॅशनल बँकेतून कर्जाऊ घेतले. जानेवारी १९६६मध्ये ताश्कंदला त्यांचे निधन झाले तेव्हा ते कर्ज फिटलेले नव्हते. ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून ते फेडले. ती मोटार दिल्लीत त्यांच्या स्मारकात ठेवली आहे. साठी उलटलेल्या त्या फियाटपुढे उभे राहून ‘कितव्या सालचे मॉडेल?’ असे विचारण्याची कोणाची छाती आहे काय? तिथे आपल्याला बरोबर कळते की मोटारीची किंमत तिच्यात बसलेल्या माणसावरून करायची असते. मग घराच्या दाराशी आल्यावर हे गणित उलटे का होते?

नजरेच्या या जुलमाने केवळ माणसे दुखावली असती तरी एक वेळ सोसले असते. पण तिने एक सबंध कल्पना मारण्यास हातभार लावला आहे. पावसात एका स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन पोरे भिजत जाताना पाहून रतन टाटा यांना स्वस्त मोटारीची कल्पना सुचली, हे त्यांनीच सांगितले होते. २००८च्या जानेवारीत दिल्लीत ‘नॅनो’ जगापुढे आली. लाख रुपयांत मोटार! पुढच्या वर्षी ती रस्त्यावर आली आणि २०१८मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्या अपयशाची कारणे अनेक होती. कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, सुरुवातीला काही गाड्यांना आगी लागल्या, २०१४च्या धडक-चाचणीत तिला एकही तारा मिळाला नाही. हे दोष खरे होते आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का तिला भोवला, असे टाटांनी स्वतःच पुढे बोलून दाखवले. ज्या कुटुंबासाठी ती केली होती ते कुटुंब स्कूटरवर भिजायला तयार होते. स्वस्त मोटारीतून उतरताना शेजाऱ्यांनी पाहावे, याला तयार नव्हते. वाचकहो, त्या शेजाऱ्यांत तुम्ही-आम्ही सगळे आलो. पोरांच्या डोक्यावरचे छप्पर ज्या नजरेने हिरावले, तिला मी निरुपद्रवी कुतूहल कसे म्हणू?

प्रतिपक्षाचे दोन आक्षेप वजनदार आहेत, त्यांना उत्तर दिल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. पहिला आक्षेप धुराचा आणि सुरक्षिततेचा. जुन्या मोटारी अधिक धूर ओकतात, हे सर्वसाधारणपणे खरे आहे. १ एप्रिल २०२०पासून देशात ‘बीएस-६’ ही कडक मोजपट्टी लागू झाली आणि त्याआधीच्या इंजिनांपेक्षा नवी इंजिने स्वच्छ झाली. हवेच्या पिशव्या, चाके घसरू न देणारे ब्रेक, हे सारे जीव वाचवणारे आहे. ज्याला परवडते त्याने मुलाबाळांसाठी अशी मोटार अवश्य घ्यावी. पण मग मोटारीची तपासणी करा! तिचा धूर मोजा, ब्रेक दाबून पाहा, टायरांच्या खाचा पाहा, आणि नापास झाली तर बेधडक भंगारात काढा. मी टाळी वाजवीन. वय पाहून निवाडा करणे म्हणजे थर्मामीटर न लावता जन्मतारखेवरून ताप ठरवणे होय. दिल्लीत डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा घालून पाहिली. जुलै २०२५मध्ये तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच न देण्याचा हुकूम निघाला, आणि काही दिवसांतच तो आवरता घ्यावा लागला. कारण दहा वर्षांत तीस हजार किलोमीटर चाललेली, वेळच्या वेळी तेल बदललेली मोटार आणि तीन लाख किलोमीटर रगडलेली मोटार या दोघींना एकाच सुळावर देणे कोणालाही पटेना. शिवाय हवेची चिंता वाहणारा हा आक्षेपक दर चार वर्षांनी मोटार बदलतो, तेव्हा त्या नव्या मोटारीचे पोलाद, काच, रबर आणि रंग काय हवेतून धुराशिवाय येतात? आणि आक्षेप मोटारीवर असेल तर कीव मालकाची का? धूर पाहून कोणी “कमाल आहे हं तुमची” म्हणत नाही. साल ऐकून म्हणतात.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. लोकांनी नव्या मोटारी घेतल्या नाहीत तर चाकण-पिंपरीच्या कारखान्यांतल्या कामगारांनी काय करायचे? कामगारांची ही कळकळ हप्ते भरणाऱ्याला शेजाऱ्याच्या दारात गेल्यावरच कशी फुटते, हे एक कोडेच आहे. पण प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तरही खरे देतो. जुनी मोटारही माणसे पोसते. पुण्याच्या नाना पेठेतली सुट्या भागांची दुकाने, मुंबईत ऑपेरा हाउसजवळचा आणि कुर्ल्याच्या रस्त्यावरचा बाजार, गावोगावच्या गॅरेजातले मिस्त्री, डेंटिंग-पेंटिंगवाले, पाटे ठोकणारे, पंक्चर काढणारे, हे सारे जुन्या गाड्यांच्या जोरावर जगतात. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दुखणे ओळखणारा आमचा मिस्त्री हा कारागीरच आहे. त्याच्या तळहाताचा काळा रंग कोणत्याही कारखान्याच्या गणवेशाइतकाच इमानाचा आहे.

आता एक शब्द आपल्याच बाजूच्या लोकांना. जुनी मोटार चालवणारे काही जण इतके ताठ असतात की नवी घेणारा प्रत्येक जण त्यांना उधळ्या वाटतो. “आमची पहा, वीस वर्षे झाली, हातसुद्धा लावावा लागला नाही,” हे पालुपद तेही भेटेल त्याला ऐकवतात. गृहस्थहो, ही तीच परीक्षा आहे, फक्त उलट्या टोकाने घेतलेली! कोणी आयुष्यभर बसच्या रांगेत उभे राहून साठाव्या वर्षी नवीकोरी मोटार घेतली आणि तिला रोज पिवळ्या फडक्याने पुसले, तर त्याच्या आनंदात मीठ कालवणारे आपण कोण? जाहिरातींत ‘पारशी मालकाची गाडी’ असे मुद्दाम लिहितात, कारण त्या समाजाने वाहनाची निगा हा धर्म मानला असा त्यांचा लौकिक आहे. हे खरे कौतुक. त्यात गाडी किती जुनी हे महत्त्वाचे नाही आणि किती नवी हेही नाही. ती कोणी कशी सांभाळली, हे महत्त्वाचे. माणूस ओळखायचाच असेल तर वाहनावरून अशा पुष्कळ गोष्टी कळतात. रुग्णवाहिकेला तो वाट देतो की नाही? पादचाऱ्यासाठी थांबतो की नाही? पावसात डबक्याशेजारून जाताना वेग कमी करतो की शाळेच्या पोरांना चिखलाने माखतो? ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याला जेवायला वेळेवर सोडतो की नाही? हे प्रश्न आपण विचारीत नाही, कारण त्यांची उत्तरे नंबराच्या पाटीवर वाचता येत नाहीत. त्यांसाठी माणसाबरोबर चार मैल जावे लागते.

मला सर्वांत जास्त काळजी आहे ती त्या बारा वर्षांच्या मुलाची. त्याच्यासारखी मुले आज शाळेच्या फाटकाच्या अलीकडच्या वळणावरच वडिलांना म्हणतात, “बाबा, इथेच सोडा ना, मी चालत जाईन.” बाबांना कारण कळते. ते काही बोलत नाहीत, ब्रेक दाबतात. ज्या मोटारीत या मुलाला जन्मल्यावर घरी आणले, जिच्या मागच्या सीटवर तो तापात आईच्या मांडीवर निजला, तिची त्याला लाज वाटते. ही लाज त्याने पुस्तकातून शिकलेली नाही. ती त्याने आपल्या दिवाणखान्यांत, आपल्या फराळाच्या ताटांभोवती ऐकली आहे. आज तो मोटारीची लाज बाळगतो. उद्या बापाच्या नोकरीची बाळगील, परवा आजीच्या बोलीची. ही वाट कुठे थांबते ते मला दिसत नाही.

म्हणून या दिवाळीत एवढेच करून पाहा. पाहुण्यांची मोटार दाराशी थांबली की तिच्या साल-महिन्याची चौकशी करू नका. दार उघडा, हातातली पिशवी घ्या आणि विचारा, “वाटेत त्रास नाही ना झाला?” त्यांच्या मुलाच्या देखत विचारा.